सार्जंटच्या हाती पेंटॅगॉन

अमेरिकेचा संरक्षणमंत्री कोण होऊ शकतो, याबद्दल तिथल्या कायद्यात एक अट आहे. सैन्यात नियमित अधिकारी म्हणून नोकरी केलेल्या माणसाला गणवेश उतरवल्यावर काही वर्षं थांबावं लागतं, मगच त्या खुर्चीचा विचार. १९४७च्या कायद्यात ही मुदत दहा वर्षांची होती, २००८मध्ये ती सातावर आणली गेली, पुढेही तिच्यात फेरफार झाले. हेतू सरळ आहे. सैन्यावर हुकमत नागरी माणसाची हवी. कालपर्यंत जनरल असलेल्याने आज मंत्री म्हणून आपल्याच गोतावळ्यावर राज्य करू नये. या अटीतून सूट द्यायची तर संसदेला खास कायदा करावा लागतो. तसा तो १९५०मध्ये जॉर्ज मार्शल, २०१७मध्ये जेम्स मॅटिस आणि २०२१मध्ये लॉइड ऑस्टिन यांच्यासाठी झाला.

गंमत अशी की ही सगळी खबरदारी अधिकाऱ्यांपुरती आहे. साध्या शिपायाबद्दल, हवालदाराबद्दल कायदा काहीच म्हणत नाही. भीती जनरलची होती. खंदकातला माणूस इतक्या वर चढेल, हे कायदा करणाऱ्यांच्या बहुधा डोक्यातच आलं नसावं. २७ फेब्रुवारी २०१३ रोजी असा माणूस तिथे पोहोचला. चक हेगल. व्हिएतनाममधला माजी सार्जंट, अमेरिकेचा चोविसावा संरक्षणमंत्री. प्रत्यक्ष लढलेला आणि कधीच अधिकारी नसलेला सैनिक त्या पदावर येण्याची ही पहिलीच वेळ.

आपल्याकडे महाराष्ट्राने यशवंतराव चव्हाणांपासून शरद पवारांपर्यंत आणि गोव्याने मनोहर पर्रीकरांच्या रूपाने दिल्लीला संरक्षणमंत्री दिले, पण त्यांतल्या कुणी गणवेश घातलेला नव्हता. देशाच्या इतर संरक्षणमंत्र्यांत जसवंत सिंह माजी सैन्याधिकारी होते, तो अपवाद. पण सातारा-कोल्हापूरकडचा एखादा माजी हवालदार साऊथ ब्लॉकमध्ये मंत्री म्हणून बसला आहे आणि तिन्ही दलांचे प्रमुख त्याच्यासमोर फायली घेऊन उभे आहेत, असं चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणलं, तर हेगल यांच्या नेमणुकीचं वेगळेपण लक्षात येतं.

हेगल यांचा जन्म १९४६चा, नेब्रास्का राज्यातल्या नॉर्थ प्लॅट गावातला. नेब्रास्का म्हणजे मका, गुरं आणि लांबच लांब सपाट माळ. वडील दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक आघाडीवर बॉम्बफेकी विमानात होते. युद्धानंतर लाकडाच्या वखारींत नोकऱ्या करत कुटुंब या गावाहून त्या गावाला फिरत राहिलं. १९६२च्या नाताळात वडील अचानक गेले, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी. चार भावांतला थोरला चक तेव्हा सोळा वर्षांचा. शाळा संपली, कॉलेजं बदलून झाली, पण पदवी काही होईना. त्या काळी अमेरिकेत सक्तीची सैन्यभरती होती आणि कॉलेजात नाव असलं की ती पुढे ढकलता येई. हेगल यांनी ती वाट घेतली नाही. १९६७मध्ये ते स्वतःहून भरती झाले. खांद्यावरून डागायच्या विमानविरोधी क्षेपणास्त्राचं प्रशिक्षण मिळालं आणि नेमणूक जर्मनीत झाली. त्या वर्षी ती नशीब काढल्यासारखी नेमणूक होती. या पोराने व्हिएतनाम मागून घेतलं.

डिसेंबर १९६७मध्ये ते तिथे पोहोचले. नवव्या पायदळ डिव्हिजनच्या ४७व्या रेजिमेंटची दुसरी बटालियन, बी कंपनी. काही आठवड्यांच्या अंतराने पाठचा भाऊ टॉमही व्हिएतनामला आला आणि फिरत फिरत त्याच कंपनीत दाखल झाला. दोन सख्खे भाऊ लढाईत एकाच तुकडीत असणं फार दुर्मीळ. एकाच स्फोटात घरातली दोन मुलं जाऊ नयेत म्हणून सैन्य सहसा ते टाळतं. ३१ जानेवारी १९६८ला टेट म्हणजे व्हिएतनामी नववर्षाच्या मुहूर्तावर कम्युनिस्ट फौजांनी दक्षिण व्हिएतनामभर एकाच वेळी हल्ले चढवले, तेव्हा हेगल यांची बटालियन सायगावजवळच्या लाँग बिन्ह तळाभोवती लढत होती.

पायदळाच्या गस्तीत सगळ्यांत पुढे चालणाऱ्याचं काम जोखमीचं. जमिनीलगतची तार, ताजी उकरलेली माती, झाडावर टांगलेला दारूगोळा हे त्याला आधी दिसावं लागतं. दिसलं नाही तर त्याचे परिणामही आधी त्यालाच भोगावे लागतात. हेगल बंधू हे काम बऱ्याचदा करत. २८ मार्च १९६८ रोजी दोघांना पुढून काढून मागे घेतलं होतं. त्यांच्या जागी गेलेल्यांचा पाय तारेत अडकला. स्फोटाचे तुकडे चकच्या छातीत घुसले. टॉमने स्वतः जखमी असताना भावाची छाती बांधली. काही तुकडे तिथेच राहिले.

महिनाभरात पुन्हा तेच. या वेळी त्यांची चिलखती गाडी सुरुंगावर गेली. चकच्या चेहऱ्याची डावी बाजू भाजली, कानाचे पडदे फाटले. टॉम बेशुद्ध होता आणि गाडीत दारूगोळा होता. चकने त्याला ओढून बाहेर काढलं. जखमींना नेणाऱ्या हेलिकॉप्टरची वाट पाहताना आपल्या मनात काय आलं, हे हेगल यांनी पुढे मुलाखतींत सांगितलं आहे: यातून वाचलो आणि कधी काही करण्याजोग्या जागी पोहोचलो, तर विनाकारण होणारी युद्धं टाळण्यासाठी जमेल ते करीन. असे संकल्प अनेक जखमी सैनिक करत असतील. तशी जागा मिळणारे थोडे.

चकला दोन पर्पल हार्ट मिळाली, टॉमला तीन. हे पदक शौर्याचं नाही. शत्रूच्या कारवाईत जखमी झालेल्या किंवा मारल्या गेलेल्या सैनिकाला ते मिळतं, मग त्याने पराक्रम केलेला असो वा नसो. भारतात याच्या जवळपास जाणारं पराक्रम पदक आहे, तेही जखमेसाठीच. जॉर्ज वॉशिंग्टनने १७८२मध्ये हृदयाच्या आकाराचं जांभळं कापडी मानचिन्ह काढलं होतं. त्याच्या जन्माच्या द्विशताब्दीला, १९३२मध्ये, ते पदकाच्या रूपात पुन्हा सुरू झालं. हेगल यांच्या छातीवर इतरही पदकं होती. वर्षभराने, डिसेंबर १९६८मध्ये, ते परतले तेव्हा सार्जंट होते, पायदळाच्या तुकडीचे म्होरके. आपल्या हिशेबाने हवालदाराच्या आसपासचा हुद्दा.

दोघा भावांनी एकच युद्ध, एकाच तुकडीतून पाहिलं. निष्कर्ष मात्र उलटे काढले. टॉमला ते युद्ध अनैतिक वाटत होतं. चकच्या मते हेतू चांगला होता, अंमलबजावणी चुकली. घरी यावरून भांडणं हातघाईवर येत. टॉम पुढे कायद्याचे प्राध्यापक झाले. १९९९मध्ये दोघं बरोबर व्हिएतनामला जाऊन आले. चकचं मत बदललं ते त्याच काळाच्या आसपास, आणि तेही टॉमच्या युक्तिवादांनी नव्हे. राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांच्या दूरध्वनी संभाषणांच्या जुन्या फिती खुल्या झाल्या होत्या. १९६४च्या एका संभाषणात जॉन्सन एका ज्येष्ठ सिनेटरपाशी कबूल करतात की या युद्धातून चांगलं काही निघेल असं त्यांना वाटत नाही, पण माघारीची राजकीय किंमतही परवडणार नाही. अमेरिकेचं मोठं पायदळ तिथे उतरायला तेव्हा अजून अवकाश होता. ५८ हजारांवर अमेरिकन आणि त्याहून कितीतरी पट व्हिएतनामी माणसं पुढच्या काळात मेली.

मधली वर्षं भरभर सांगता येतात. सैनिकांना शिक्षणासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीवर, म्हणजे जीआय बिलावर, ओमाहात पदवी. थोडी रेडिओवरची बातमीदारी. एका खासदाराच्या कचेरीत काम. टायर कंपनीसाठी वॉशिंग्टनमध्ये रदबदली. रेगन राष्ट्राध्यक्ष झाल्यावर माजी सैनिकांच्या कल्याण खात्यात हेगल क्रमांक दोनचे अधिकारी झाले आणि १९८२मध्ये वरिष्ठांशी न पटल्याने राजीनामा देऊन बाहेर पडले. वाद माजी सैनिकांच्या सोयींवरच्या कपातीचा होता आणि एजंट ऑरेंजचाही. जंगलाचा पाला झडवण्यासाठी अमेरिकेने व्हिएतनामवर फवारलेल्या या रसायनात डायॉक्सिनचा अंश होता. त्यामुळे आजारी पडल्याच्या सैनिकांच्या तक्रारी खात्याचे प्रमुख हसण्यावारी नेत. हेगल यांनी मग गाडी विकली, विमा मोडला आणि मोबाइल फोनच्या अगदी नव्या धंद्यात उडी घेतली. व्हॅनगार्ड सेल्युलर ही त्यांची कंपनी चालली आणि ते कोट्यधीश झाले. नशिबाने साथ दिली, हे खरंच. पण वेळ अचूक साधली, हेही खरं.

१९९६मध्ये ते रिपब्लिकन पक्षातर्फे सिनेटवर निवडून आले आणि बारा वर्षं राहिले. इथे त्यांच्या चरित्रातली सगळ्यांत अवघड गोष्ट येते. ऑक्टोबर २००२मध्ये इराकवरच्या कारवाईला अधिकार देणाऱ्या ठरावाच्या बाजूने त्यांनी मत दिलं. भाषणात शंका भरपूर काढल्या, हात मात्र वर केला. युद्ध पाहिलेला माणूस युद्ध रोखतोच, अशी भाबडी समजूत असणाऱ्यांनी हे मत लक्षात ठेवावं. छातीतले तुकडे पक्षाच्या शिस्तीपुढे आणि ११ सप्टेंबरनंतरच्या वातावरणापुढे पुरेसे पडले नाहीत. पुढे मात्र ते कठोर टीकाकार झाले. २००७मध्ये इराकमध्ये जादा फौज पाठवण्याच्या बुश यांच्या निर्णयाला त्यांनी व्हिएतनामनंतरची सर्वांत धोकादायक परराष्ट्रधोरणाची घोडचूक म्हटलं, आणि सिनेटच्या परराष्ट्र समितीत त्या निर्णयाविरुद्धच्या ठरावाला पाठिंबा देणारे ते एकमेव रिपब्लिकन ठरले. २००८मध्ये नव्या पिढीच्या सैनिकांसाठी सुधारित जीआय बिल आलं, त्याच्या कर्त्यांत सिनेटर जिम वेब यांच्या जोडीने हेगल होते. वेब हेही व्हिएतनामचे, नेव्ही क्रॉस मिळवलेले मरीन अधिकारी. ते एकेकाळी नौदलाचे नागरी प्रमुख होते आणि नौदलातल्या कपातीवरून त्यांनी १९८८मध्ये ते पद सोडलं होतं.

ओबामांनी जानेवारी २०१३मध्ये हेगल यांचं नाव पुढे केलं. तिथला मंत्री संसदेचा सदस्य नसतो. राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतात आणि सिनेट उलटतपासणी घेऊन मान्यता देतं. रिपब्लिकनांच्या लेखी हा घरभेदी, डेमोक्रॅटांच्या लेखी परक्या घरचा. ३१ जानेवारीची सुनावणी हेगल यांच्यासाठी वाईट गेली. जॉन मॅकेन हे त्यांचे जुने मित्र, व्हिएतनामचे युद्धकैदी. २०००मध्ये त्यांच्याच प्रचाराची धुरा हेगल यांनी वाहिली होती. जादा फौजेबद्दल तुम्ही बरोबर होता की चूक, हो किंवा नाही यांतलं एक सांगा, असं मॅकेननी पुनःपुन्हा विचारलं आणि हेगल उत्तर टाळत राहिले. इराणबाबत ओबामांचं धोरण नेमकं काय हे सांगतानाच ते चुकले, चिठ्ठी आल्यावर दुरुस्ती करायला गेले आणि पुन्हा अडखळले. शेवटी समितीच्या अध्यक्षांनी ते वाक्य सुधारलं. मतदान ५८ विरुद्ध ४१ असं झालं. फक्त चार रिपब्लिकन त्यांच्या बाजूने होते.

अमेरिकेचा संरक्षणमंत्री नुसता खात्याचा कारभारी नसतो. १९८६च्या कायद्याने हुकमाची साखळी राष्ट्राध्यक्ष, मग संरक्षणमंत्री, मग जगाच्या निरनिराळ्या भागांतल्या फौजांचे सेनापती अशी आखली आहे. भूदल-नौदलांचे प्रमुख सल्ला देतात, फौज उभी करतात, पण लढाईचा हुकूम त्यांच्या हातून जात नाही. म्हणजे एखादी पलटण परदेशी निघते ती या नागरी माणसाच्या सहीने. १९६८मध्ये जो हुकमाच्या शेवटच्या टोकाला होता, तो २०१३मध्ये वरून दुसऱ्या जागी आला.

आणि आल्या आल्या त्याच्या हाती कात्री दिली गेली. २०११च्या एका कायद्याने ठरवलेली आपोआप कपात हेगल यांच्या शपथविधीनंतर दोनच दिवसांनी, १ मार्चला लागू झाली. त्या वर्षीच्या संरक्षण खर्चातले सुमारे ३७ अब्ज डॉलर गेले. साडेसहा लाखांच्या आसपास नागरी कर्मचाऱ्यांना अकरा दिवस बिनपगारी घरी बसवण्याचा निर्णय त्यांना जाहीर करावा लागला. काटकसर करत ते दिवस पुढे सहावर आणले. फेब्रुवारी २०१४मध्ये त्यांनी भूदल साडेचार लाखांपर्यंत खाली आणण्याचा प्रस्ताव मांडला, दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काळानंतरचं सर्वांत लहान भूदल. त्याच प्रस्तावात ए-१० विमानं मोडीत काढायची होती. हे बोजड, कुरूप विमान खूप खालून उडत पायदळाच्या मदतीला धावतं आणि पायदळाचा त्याच्यावर भारी जीव. पायदळाच्याच सार्जंटने त्याच्या निवृत्तीचा कागद पुढे करावा, हा दैवाचा खेळ. संसदेने तो प्रस्ताव फेटाळला.

त्यांचं खरं काम, माझ्या मते, कुणी फोटो काढणार नाही अशा जागी झालं. २०१४च्या सुरुवातीला मोंटानातल्या अण्वस्त्र तळावर क्षेपणास्त्र सांभाळणारे हवाई दलाचे अधिकारी परीक्षेत कॉपी करताना सापडले. हेगल यांनी आतून आणि बाहेरून अशा दोन तपासण्या लावल्या. निघालं ते भयंकर आणि हास्यास्पद दोन्ही होतं. त्या वेळी अमेरिकेकडे जमिनीवरून डागायची सुमारे साडेचारशे आंतरखंडीय क्षेपणास्त्रं होती, तीन राज्यांतल्या तीन तळांवर. त्यांच्यावर अण्वस्त्र बसवायला लागणारा खास पाना-हत्यारांचा संच होता फक्त एक. तिन्ही तळ तो एकमेकांना कुरिअरने पाठवत होते, आणि वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. वर कुणी सांगितलं नाही, कारण खालच्याने तक्रार करायची नसते, भागवायचं असतं. नोव्हेंबर २०१४मध्ये हेगल यांनी हे जाहीरपणे सांगितलं आणि या दलासाठी पैसा नि माणसं वाढवण्याची घोषणा केली. पेंटॅगॉनमध्ये ते कनिष्ठ सैनिकांना नेमाने जेवायला बोलावत. त्या जेवणांतून काय निष्पन्न झालं ते मोजता येणार नाही. पण साहेब विचारतील तेव्हा सगळं ठीक आहे म्हणायचं, ही खालची रीत त्यांना शिकवावी लागली नसणार.

वरच्या मजल्यावर मात्र त्यांचं जमलं नाही. सीरियाबाबतचं धोरण अस्पष्ट आहे, अशी तक्रार त्यांनी लेखी केली. ग्वांतानामोच्या लष्करी तुरुंगातले कैदी दुसऱ्या देशांत पाठवताना त्यांच्यापासूनचा धोका पुरेसा कमी झाला आहे, अशी हमी देण्याची जबाबदारी कायद्याने मंत्र्याच्या सहीवर टाकली होती, आणि ते सही करायला वेळ घेत. व्हाइट हाऊसला ही दिरंगाई वाटे. मे २०१४मध्ये तालिबानच्या ताब्यातला एक अमेरिकन सार्जंट सोडवण्यासाठी तिथलेच पाच कैदी दिले गेले, तेव्हा संसदेला तीस दिवस आधी कळवण्याचा नियम पाळला गेला नव्हता; त्याचा मार समितीपुढे हेगल यांनी खाल्ला. व्हाइट हाऊसमधले सल्लागार लष्करी बारीकसारीक बाबींत नाक खुपसतात, ही तक्रार आधीचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स आणि लिऑन पनेटा यांनीही आपापल्या आत्मचरित्रांत केली आहे; तेव्हा दोष एकट्या हेगल यांचा म्हणता येत नाही. पण ते दोघे दरबारी राजकारणात मुरलेले होते. हेगल बैठकीत फारसं बोलत नाहीत, असं वर्तमानपत्रांतून छापून येऊ लागलं आणि २४ नोव्हेंबर २०१४ला त्यांचा राजीनामा जाहीर झाला. त्याआधी ऑगस्टमध्ये ते दिल्लीत येऊन गेले होते. जॅव्हलिन हे रणगाडाभेदी क्षेपणास्त्र दोन्ही देशांनी मिळून तयार करावं, असा प्रस्ताव त्या दौऱ्यात होता. त्यांच्या जागी फेब्रुवारी २०१५मध्ये आले अ‍ॅश्टन कार्टर, शिक्षणाने भौतिकशास्त्रज्ञ. दिल्लीत तेव्हा पर्रीकर, आयआयटीचे अभियंता. दोघांनीही गणवेश घातलेला नव्हता आणि दोघांचं काही अडलंही नाही.

मग सैनिकी अनुभवाचा उपयोग काय झाला? एका कागदापुरता तरी नक्की झाला. तो आहे ३ सप्टेंबर २०१४चा.

व्हिएतनामहून परतलेले हजारो सैनिक सैन्यातून वाईट शेऱ्यासह काढले गेले होते. पळून गेला, दारू पितो, हुकूम ऐकत नाही, मारामारी करतो. असा शेरा पडला की उपचार, शिक्षण, पेन्शन यांतलं बरंच काही हातचं जातं आणि नोकरी मागायला गेल्यावर तोच कागद आडवा येतो. युद्धाच्या धक्क्याने जडणारा मनोविकार, ज्याला आज पीटीएसडी म्हणतात, तो अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत आला १९८०मध्ये. म्हणजे १९६८मध्ये ज्याला झोप येत नव्हती, जो दचकून अंगावर धावून जात होता, त्याच्या आजाराला कागदोपत्री नावच नव्हतं. वर्तन मात्र नोंदलं जात होतं. शेरा बदलून मिळावा म्हणून केलेले अर्ज वर्षानुवर्षं फेटाळले गेले, कारण त्या काळच्या वैद्यकीय नोंदींत पुरावा सापडत नसे. मार्च २०१४मध्ये येल विद्यापीठाच्या कायदा विभागाच्या मदतीने काही माजी सैनिक न्यायालयात गेले. सप्टेंबरमध्ये हेगल यांनी तिन्ही दलांच्या नोंददुरुस्ती मंडळांना आदेश दिला: व्हिएतनामच्या माजी सैनिकांनी पीटीएसडीच्या आधारे केलेल्या अर्जांकडे उदारपणे पाहा, जुन्या कागदांत आजाराचं नाव नसलं तरी त्याची लक्षणं शोधा.

त्यांच्या कारकिर्दीतल्या सीरिया-इराकच्या धोरणांवर पाणी फिरलं, भूदलाचे आकडे बदलले, ए-१० त्यांच्यानंतरही बरीच वर्षं उडत राहिलं. हा आदेश मात्र टिकला. २०१६ आणि २०१७मध्ये पेंटॅगॉनने त्याची व्याप्ती वाढवून इतर युद्धांतले सैनिक, मेंदूच्या दुखापती आणि लैंगिक अत्याचाराला बळी पडलेले सैनिक यांनाही त्यात घेतलं, आणि उदारपणे पाहण्याचं तत्त्व संसदेने कायद्यात घातलं. अमेरिकेत माजी सैनिकांचे खटले चालवणारे वकील त्याला ‘हेगल मेमो’ म्हणतात आणि अर्जात आजही त्याचा हवाला देतात.